बोरवडीचा फितूर

माझ्या पहिल्या आणि शेवटच्या पुस्तकामुळे आमचं घराणं फितूर ठरलं.

सत्तरच्या दशकात मी सांगलीत मास्तर होतो आणि आमच्या खोऱ्यातल्या एका छोट्या राजाचं चरित्र लिहीत होतो. माझे महाराज दमत नसत, चुकत नसत, अख्ख्या पुस्तकात एकदाही शिंकले नाहीत! अडचण एकच होती. असा राजा गढी हरला कसा? म्हणजे फितूर हवाच. जुन्या कागदांत तो काही सापडेना. एकदा स्टँडवर एका एस.टी.ला 'बोरवडी' अशी पाटी दिसली. लांबचं गाव, कोण विचारतंय? मी बोरवडीच्या पाटलाला गढीचा दरवाजा उघडायला लावला.

पुस्तक छापून आलं आणि तिकडे गावी वडिलांनी धाकट्या बहिणीचं, सुमनचं, लग्न परस्पर जमवलं. सुपारी फोडायच्या दिवशी मी कोरेगावजवळच्या आमच्या गावी पोचलो, तेव्हा पाहुणे बैठकीत बसले होते. मुलाचे आजोबा निवृत्त सुभेदार. वडिलांनी कौतुकानं माझं पुस्तक त्यांच्या हातात दिलं आणि मग माझ्या कानात सांगितलं, "बोरवडीचं पाटील हायत. लय मोठं घराणं."

मी पुस्तक परत मागितलं (सही करायची राहिली म्हणून). सुभेदारांनी ते सोडलं नाही. पुस्तक आधीच वाचलेली सुमन दाराआडून माझ्याकडे अशी बघत होती की त्यापेक्षा कडेलोट परवडला असता.

शेवटी ते पान आलंच.

"मास्तर, आमच्या मूळपुरुषानं दार उघडल्याचं कुटं वाचलं तुमी?"

"एस.टी.च्या पाटीवर," मी खरं ते सांगून टाकलं.

सुभेदारांनी पुस्तक मिटलं.

"पुस्तकाला फितूर लागतोच, तर घरचाच घ्या की. मग फोडू सुपारी."

वडिलांनी दाराआडच्या सुमनकडे पाहिलं, मग होकाराची मान हलवली. मी सगळ्यांदेखत घरातल्या सगळ्या प्रतींत बोरवडी खोडून आमच्याच मूळपुरुषाचं नाव घातलं. सुपारी फुटली, सुमन सुखात नांदते आहे.

भाऊकीनं मात्र तो मूळपुरुष एकमतानं आमच्या वाटणीत टाकला. आमच्या भाऊकीचं एकमत झालं ते तेवढ्याच वाटणीत! तो निर्दोष होता म्हणून मी आजही घसा कोरडा करतो. भाऊबंद पुरावा मागतात, आणि पुढे माझंच पुस्तक धरतात.