एक रुपया प्राप्त झाला

चंपाला त्या साऊंडबॉक्सचं भारी कौतुक. अंधेरीच्या एमआयडीसीत, कंपनीच्या गेटसमोर तिची थालीपिठाची टपरी. हात सदान्‌कदा पिठात, फोन बघणार कधी? गिऱ्हाइकानं कोड स्कॅन केला की डबा खणखणीत सांगायचा, 'चाळीस रुपये प्राप्त झाले', की हिनं प्लेट पुढं सरकवायची. झकास चाललं होतं. समोरच्या ऑफिसातल्या धवलनं तर हौसेनं टपरीचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. तव्यापाशी चंपा, बाजूला कोडाचा स्टिकर. लोक घरबसल्या आधीच पैसे भरून पार्सल सांगायला लागले.

एका दुपारी ऐन गर्दीत डबा बोलला, 'एक रुपया प्राप्त झाला.'

"कोण रे हा दानशूर?" रांगेतलं कुणीतरी म्हणालं, सगळे हसले. चंपाही हसली. हात पुसून तिनं फोन पाहिला. पाठवणाऱ्याचं नाव भाऊराव. तिचा नवरा.

त्याच्या माराला कंटाळून ती पोरीला, सईला घेऊन जालन्याहून पळाली होती. नंबर बदलला, पत्ता सख्ख्या आईलाही सांगितला नाही. आणि मेल्यानं शेवटी गाठलंच!

"डबा बंद कर ना यार," शेजारची चहावाली सपना म्हणाली.

"डबा बंद केला तरी पैसे येणारच ना गं! त्याला कसं थांबवू?"

धवल आला तसं तिनं विचारलं, "त्या फोटोखाली पत्ता टाकलायस का रे?"

"मग? पत्त्याशिवाय लोक येणार कसे, ताई?" बिचारा खुशीत होता. तिचा चेहरा बघून त्यानं घाईघाईनं फोटो काढून टाकला. पण आता काय उपयोग!

पुन्हा एक रुपया. पुन्हा एक. थालीपीठ करपलं, गिऱ्हाईक ओरडलं, तिला ऐकूच आलं नाही. मग एका रुपयासोबत त्यानं शब्द धाडला, 'निघालो.'

तवा तसाच टाकून ती शाळेत धावली. सईला वर्गातून ओढतच बाहेर काढलं आणि सपनाला घेऊन थेट पोलीस चौकी गाठली.

हवालदारानं फोन नीट पाहिला. "बाई, यानं शिवी दिली नाही, धमकी दिली नाही. उलट पैसे दिलेत. मी लिहू काय?"

चंपानं सईचा हात घट्ट धरला होता.

"साहेब, मला मारायच्या आधी तो हिच्या हातावर रुपया ठेवायचा. जा, दुकानातनं गोळ्या घेऊन ये म्हणायचा. आणि मग दाराला कडी लावायचा."