दुसऱ्या पाण्याची डाळ

जातं दोन तऱ्हेनं बोलतं. ज्वारी दळताना त्याचा आवाज लांब आणि घोगरा येतो. तूर भरडताना तुटक, कडकड. लहानपणी पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या तो दुसरा आवाज कानावर आला की मी समजायचो, आज डाळ आहे. पोटात आधी तो आवाजच जायचा.

पुढं सगळा जन्म त्याच आवाजात गेला. कमलनगरच्या एका डाळमिलमध्ये आधी पोती वाहिली, मग चाळणीवर उभा राहिलो, आता गेटवर खुर्ची टाकून बसतो. मिलमध्ये किस्से चुणीसारखे साठतात. चुणी म्हणजे डाळ फुटताना निघणारा चुरा आणि टरफल, जनावरांचं खाणं. सकाळी झाडून काढावी, तर संध्याकाळी मशीनखाली पुन्हा ढीग. मी बोलायला सावकाश. माझं एक वाक्य संपेपर्यंत समोरचा चहा पिऊन उठतो. म्हणून लिहून काढतोय. शाळा फार झाली नाही, पण राग लिहायला तेवढी पुरते.

मिलचे मालक अप्पा, मालकीण अक्का. घर मिलच्या आवारातच. त्यांचा मुलगा बसू, सून महादेवी. मशीनवर खाजा, माझा जुना सोबती. महादेवीचं पहिलं लेकरू ओंजळीत मावेल एवढं जन्मलं. बीदरला काचेच्या पेटीत ठेवलं, तरी राहिलं नाही. आता ती पुन्हा गरोदर आहे.

आणि त्या घरची एक रीत. डाळ शिजली की पळी तळापर्यंत घालून घट्ट डाळ आधी पुरुषांना वाढायची. मग उरल्या पातेल्यात उकळतं पाणी, वरून मीठ-तिखट. ती बायकांची. तिला म्हणतात दुसऱ्या पाण्याची डाळ. यावर कधी भांडण नाही, बोलणं नाही. सासूनं तेच खाल्लं, सूनही तेच खाते.

*

बसू जिमला जातो. त्याच्याकडं घागरीएवढा काळा डबा आहे. रोज सकाळी त्यातली पावडर बाटलीत घालून खळखळ हलवतो आणि आमच्यासमोर उभा राहून पितो.

खाजानं एकदा विचारलं, “बसूअण्णा, ह्यात काय असतंय?”

“प्रोटीन.”

“ते कशानं मिळतंय?”

“दुधानं. डाळीनं. बॉडी त्याच्यावरच बनतीय, खाजाभाई. तुमाला न्हाई कळायचं.”

खाजानं मागं वळून छतापर्यंत लागलेली थप्पी पाहिली. पोत्यांवर पोती, सगळी तूर.

“मग आपन इथं काय भूस भरायलाव का?”

बसूनं बाटली संपवली. डबा कपाटात गेला, कपाटाला कुलूप. घरात ज्या बाईच्या पोटात एक आख्खी बॉडी बनत होती, तिला त्यातला चमचाभरही कुणी विचारला नाही.

*

कडगंचीच्या युनिव्हर्सिटीतून एक मुलगी आली होती. कुठल्या तुरीत प्रोटीन किती, यावर तिचा अभ्यास. अप्पांनी तिच्यासमोर तेल लावून चकाकवलेली एक नंबर डाळ ठेवली. ती म्हणाली, “अप्पा, मला ही नको. शेतकऱ्याकडून आली तशी आख्खी तूर द्या.”

“कामून? आमच्या डाळीत काय कमी हाय?”

“तेच बघायला आलेय.”

अप्पांचा चेहरा उतरला, पण पोरगी गोड होती. चहा येईपर्यंत तिनं आम्हाला समजेल असं सांगितलं. प्रोटीन म्हणजे बारीक मण्यांची माळ. तिला नीट घडी पडली की ती कामाला लागते. एक माळ रक्तातून हवा वाहून नेते, एक अन्न पचवते, एक आजाराशी लढते. घडी चुकली की काम बिघडतं. काही मणी शरीर स्वतः करतं, काही अन्नातूनच यावे लागतात. ज्वारीत जो मणी कमी, तो तुरीत भरपूर. तुरीत जो कमी पडतो, तो ज्वारी भरून काढते.

खाजा खुश. “म्हंजे आमची डाळ-भाकरी पास झाली म्हना की.”

“पास. पण दोन्ही ताटात पाहिजेत.”

महादेवी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं हळूच विचारलं, “ताई, डाळीत पानी वाढवलं तर मनी वाढतेत का?”

मुलगी हसली. “मणी तेवढेच राहतात. पाणी वाढतं.”

मुलीला वाटलं, बाईनं गंमत केली. महादेवी हसली नव्हती.

*

पलीकडच्या शाळेत दुपारच्या जेवणात अंडं मिळायला लागलं. ज्यांना चालत नाही त्यांना केळ. पोरं खुश होती. गावातल्या मोठ्या माणसांना मात्र ते सोसेना. चारपाच जणांनी जाऊन हेडमास्तरांना सांगितलं, शाळेत अंडं शिजता कामा नये. त्यात आमचे अप्पाही होते.

ज्याला खायचं नाही त्यानं खाऊ नये. मीही अंडं खात नाही. पण दुसऱ्याच्या लेकराच्या ताटात हात घालायचा अधिकार यांना कुणी दिला? ज्या पोरांना घरी काही मिळत नाही, त्यांच्याच अंड्यानं यांचं सोवळं मोडतं.

हेडमास्तर शांत माणूस. म्हणाले, “बरं. मग अंड्याच्या बदली घट्ट डाळ तरी देऊ पोरांना. अप्पा, तुमची तर मिलच हाय.”

चारचौघांत अप्पा हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी शाळेत पोतं गेलं. वर डाळ, खाली चुणी. तासाभरात ते पोतं परत मिलच्या गेटवर. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाईनं रिक्षावाल्याकडं निरोप दिला होता, “म्हशीचं पोतं चुकून लेकरांकडं आलतं. अक्काला द्या.”

शाळेत अंडं चालू राहिलं.

*

म्हशीचं निघालंच आहे तर सांगतो. अक्कांची म्हैस व्याली आणि दुधाला कमी पडली. जनावरांचा डॉक्टर आला, म्हणाला, “हिला प्रोटीन कमी पडायलंय. चुणी वाढवा, पेंड वाढवा.” अक्कांनी त्याच दिवशी वाढवली. स्वतःच्या हातानं भिजवून, कोमट करून म्हशीपुढं ठेवायच्या.

त्याच आठवड्यात महादेवीचे पाय सुजले. बसू जिमच्या कसल्याशा स्पर्धेला गेला होता, म्हणून दवाखान्यात तिच्यासोबत मी गेलो. डॉक्टरीणबाईंनी तिच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खड्डा तसाच. रक्ताचा रिपोर्ट पाहून म्हणाल्या, “रक्तात प्रोटीन कमी हाय, म्हणून पायात पाणी उतरायलंय. असंच राहिलं तर हे बाळही बारीक होईल. डाळ खातीस का?”

“खाते.”

“रोज?”

“रोज.”

“मग असं कामून? घरचा धंदा काय?”

महादेवीनं माझ्याकडं पाहिलं, मग जमिनीकडं. “डाळमिल.”

बाईंनी पेन खाली ठेवला.

घरी येऊन मी अक्कांना सगळं सांगितलं. घट्ट डाळ, दूध, शेंगदाणे. अक्का म्हशीजवळच उभ्या होत्या, हात चुणीत. म्हणाल्या, “डाळ लई वातूळ. गरवारीला सोसत न्हाई. डाक्टर काय, शंभर गोष्टी सांगतेत.”

मी म्हणालो, “अक्का, हिचा डॉक्टर येगळा, तिचा येगळा. पर दोघांचं सांगनं एकच हाय. म्हशीचं लगेच ऐकलात.”

“म्हैस दूध देतीय,” अक्का म्हणाल्या.

मी गेटवर येऊन बसलो. खाजानं विचारलं, “काय झालं अण्णा?” मी त्याला सांगितलं. तो बराच वेळ मशीनचा पट्टा पुसत राहिला. पट्टा स्वच्छच होता.

*

नवी तूर आली की आमच्याकडं मशीनची पूजा होते आणि स्वयंपाकघराला लागून असलेल्या गोदामात सगळी मिल एका पंगतीला जेवते. पुरुष आधी. यंदा हैद्राबादचा एक व्यापारी पाहुणा होता. अप्पांच्या शेजारी त्याचा पाट, पलीकडं बसू, मग खाजा, मग मी. भाकरी, भाजी वाढून झाली. महादेवी डाळीचं पातेलं घेऊन आली. पाय सुजलेले, चप्पल अर्धीच चढलेली.

अप्पा पाहुण्याला सांगत होते, “आमच्या डाळीत जे प्रोटीन हाय ना शेठ, ते तुमाला दुसरीकडं भेटायचं न्हाई. खाऊन बघा. महादेवी, शेठला तळातलं वाढ.”

महादेवीनं पातेलं खाली ठेवलं. कोपऱ्यातलं एक ताट उचललं आणि पंगतीच्या टोकाला, माझ्या शेजारी मांडी घालून बसली. पळी तळापर्यंत घातली. घट्ट, पिवळीधमक डाळ स्वतःच्या ताटात घेतली. पुन्हा घातली, पुन्हा घेतली. भाकरी कुस्करली आणि खायला लागली.

“अगं,” बसू म्हणाला.

अक्का स्वयंपाकघराच्या दारात आल्या. हातात उकळत्या पाण्याचा तांब्या, बायकांच्या डाळीसाठी. तिथंच थांबल्या.

महादेवी घाई न करता जेवली. ताट पुसून खाल्लं. हात धुतला. मग दारात जाऊन तिनं अक्कांच्या हातातला तांब्या घेतला, पाणी पातेल्यात ओतलं, मीठ टाकलं, तिखट टाकलं, पळीनं ढवळलं. आणि वाढायला सुरुवात केली. पहिल्यांदा अप्पांना, मग शेठना, मग बसूला. मग खाजाला, मग मला. सगळ्यांना सारखं, एकेक पळी. ताटात डाळ भाकरीच्या खालून वाहत पलीकडं गेली.

शेठनं बोट बुडवून चाखलं आणि अप्पांकडं पाहिलं.

महादेवीनं रिकामं पातेलं अप्पांच्या ताटासमोर ठेवलं, पळी त्यात ठेवली, आणि पोत्यांच्या थप्प्यांमधून, एका हातानं कंबर धरून, निघून गेली.