तापलेला कंगवा

अमेरिकेतल्या जॉर्जियात, काळ्या लोकांच्या टॉलिव्हर गावात ओझेलामावशीचा अपमान झाला त्याला वीसेक वर्षं लोटली, आणि तेवढी वर्षं तिने तो तळहातावरच्या फोडासारखा जपला.

अपमान केला होता रेनीथाने. आई मेल्यावर ही पोर शेजारच्या मावशीच्या स्वयंपाकघरातच वाढली, शिकायला उत्तरेकडे गेली, आणि उपकार फेडावेत म्हणून की काय, तिने कादंबरी लिहिली. त्या कादंबरीत एक खाष्ट बाई आहे. ती दर शनिवारी एका पोरक्या मुलीला गुडघ्यांत आवळून बसवते, लोखंडी कंगवा शेगडीवर तापवते आणि तिचे कुरळे केस सरळ करते. "मान सरळ! कान दुमड!" हा तिचा हुकूम. पोरीने भाजू नये म्हणून आपला कान आपणच दुमडून धरायचा आणि वर बायबल मोठ्याने वाचायचं. शब्द चुकला की डोक्यात टोला. बाईचं नाव लेखिकेने बदललं होतं, पण एवढी तिखट जीभ गावात एकाच घरात होती.

"मला राक्षसीण केलं कार्टीने!" मावशी दर रविवारी चर्चच्या पायरीवर सांगे. गावात नवा पाद्री आला तेव्हा तिने स्वतःच्या नावाआधी कादंबरीतलं ते पान कितवं ते सांगितलं. कादंबरीला आपण हातही लावलेला नाही, असं ती शपथेवर म्हणायची. पान मात्र तोंडपाठ होतं.

मग कादंबरीवर सिनेमा निघाला, आणि पहिला खेळ गावातल्याच थिएटरात ठरला; रेनीथाही येणार होती. मावशीने जांभळी, पिसांची नवी टोपी घेतली.

"आता माझी बदनामी भिंतीएवढी होणार!" ती शेजारच्या व्हर्निसला म्हणाली.

"मावशी, बदनामी आहे की बारसं?" व्हर्निसने विचारलं.

सिनेमा सुरू झाला. टॉलिव्हरची माणसं पाद्र्यापुढे गप्प बसत नाहीत, तर पडद्यापुढे कशाला बसतील? "अगं, मागे बघ!" "देवा, सांभाळ रे पोरीला!" असा कल्ला चालला होता. पडद्यावरची आई मेली. पोर शेजारी गेली. पण शेजारी घरच नव्हतं. तिथे होतं एक वाचनालय, आणि त्यात सोनेरी केसांची, मधाळ आवाजाची एक गोरी बाई. तिने पोरीला मांडीवर घेतलं, अक्षरं शिकवली, डोळे पुसले. व्हायोलिन वाजलं. पटकथाकाराने ध चा मा केला होता, आणि वर त्याला साखरही लावली होती.

"मावशी, तू पडद्यावर कधी येतेस?" व्हर्निस कुजबुजली.

"थांब. येईन."

गोरी बाई तिसऱ्यांदा रडली. मावशी काही आली नाही.

"सुंठीवाचून खोकला गेला," व्हर्निस म्हणाली. "टळली की बदनामी!"

 मावशीचे डोळे भरून आले होते. इतकी वर्षं ती अपमान अपमान म्हणत मिरवली, पण तो खरा झाला तो आज. तरीही तिची नजर पोरीच्या डोक्यावरून हलेना. केस सरळ, चापूनचोपून वेणी, तेलाची चमक, आणि दर प्रसंगात नवा भांग.

ती उठली. टोपीच्या पिसांनी अर्धा पडदा व्यापला.

"अहो! आई मेली, बाप दारूत बुडाला, ही बाई नुसती पुस्तकं उघडते. मग या पोरीचे केस कोण विंचरतंय?"

"खरंय! कोण?" मागून आवाज आला. "विचार मावशी, विचार!"

पहिल्या रांगेतला सिनेमावाला वळून म्हणाला, "बाई, खाली बसा."

"तुला कोण विचारतंय? रेनीथा! तुझ्याशी बोलतेय मी. मान सरळ ठेव!"

त्याच्या शेजारी बसलेली रेनीथा वळली नाही. पण केस पिकलेल्या त्या नामवंत लेखिकेचा हात आपसूक वर गेला, आणि तिने आपला कान दुमडून घट्ट धरला.