मांड सुटली की उजेड दिसतो

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वाकडं आणि ऱ्हस्वदीर्घ चुकणार, वाचणाऱ्याने रागावू नये. हे गेले त्याला सहा आठवडे झाले. सकाळी घोडीला चणे घालायला उठले, तर हे उठलेच नाहीत... मी आधी चणे घालून आले. का, ते सांगता येत नाही.

सावंतवाडीची पागा मोडली तेव्हा हे एक घोडी घेऊन मालवणला आले. फौजदारकीला निवडलेली माणसं यांच्याकडे घोड्यावर बसायला शिकत. पहिला महिनाभर हे लगाम देत नसत, रिकिबीत पाय ठेवू देत नसत. लांब दोराला बांधलेली घोडी वाळूत गोल फिरायची आणि माणसाने नुसत्या मांड्यांच्या पकडीवर बसायचं. "आधी मांड. लगाम मगे," एवढंच म्हणत. मांड कच्ची असली की माणूस लगामाला लोंबकळतो आणि घोडीचं तोंड फाटतं.

पुढे यांचे डोळे मंदावले, मग गेलेच. कुणाला कळलं असतं तर शिकवणी बंद, आणि त्याशिवाय हे जगले नसते. म्हणून दोर यांच्या हातात आणि मागे टोक धरून मी. मांडी आणि जीन यांच्यामध्ये उजेड दिसला की मी दोर ओढायचा, हे म्हणायचे, "मांड सुटली."

पण परक्या पुरुषाच्या मांड्यांकडे बघायचं कसं... माझी मान खाली जायची. "लाज वाटता तर घरात बस गो," हे म्हणाले. "तो पडतलो आणि इज्जत जातली माझी." तरी एकदा मी समुद्राकडे बघत राहिले आणि शिकायला आलेला शंकर पडला. खांदा निखळला. चारचौघांत हे म्हणाले, "चूक माझी." घरी मला काही बोलले नाहीत. त्यानंतर मी बघायला शिकले.

गेल्या आठवड्यात तोच शंकर भेटायला आला, फौजदाराच्या कपड्यांत.

"काकी, मास्तरांका दिसत नाय होता. माका ठाऊक होता."

"कधीपासून रे?"

"मी पडलंय तेव्हा. मी हयसर, आणि मास्तर माका शोधूक थयसरची वाळू चाचपीत होते."

"कोणाक सांगलंस?"

"बायकोक सुद्धा नाय."

"मगे शिकूक येत कित्याक रवलंस?"

"मांड बसत होती, काकी. आणखी काय व्हया?"