खिशातलं अक्षर

सकाळी वर्तमानपत्र उघडण्याआधी नरसिंहकाका खणाच्या पिशवीत हात घालून एक सोंगटी काढत आणि ती शर्टाच्या खिशात टाकत. स्क्रॅबलची सोंगटी, तिच्यावर एक इंग्रजी अक्षर. मग दिवसभर, भाजी निवडताना, दुधाच्या रांगेत, ते अक्षर असलेले छोटे छोटे शब्द आठवायचे आणि प्रत्येकाचा अर्थ स्वतःशी म्हणायचा. क्यू निघाला की स्वारी खूश. ‘सुक’ म्हणजे अरबांचा बाजार. ‘ची’, क्यू-आय, म्हणजे चिनी लोकांची प्राणशक्ती. दोन-तीन अक्षरांचे शब्द, पण खेळात गुण भरपूर.

मी दिल्लीत, मुनिरका गावात भाड्याच्या खोलीत राहते. रस्ता ओलांडला की डीडीएचे सरकारी फ्लॅट, तिथे दुसऱ्या मजल्यावर काका एकटे राहत. किराणा दुकानात मी आईशी फोनवर बोलत होते, तेव्हा मागून आवाज आला, “सांगलीकडची का गं तू?” त्यानंतर दर मंगळवारी मी त्यांच्याकडे खेळायला जाऊ लागले.

त्यांच्या घरचा नियम एकच. शब्द मांडायचा तर अर्थ सांगायचा. अर्थ येत नसेल तर सोंगट्या उचलायच्या आणि पाळी सोडायची. शब्दकोश उघडायचा नाही. समोरच्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा.

“इतकं कडक कशाला, काका?” मी एकदा म्हटलं.

“छत्तीस वर्षं मंत्रालयात टायपिस्ट होतो. साहेबांचे शब्द, अर्थ न विचारता बडवले. घरी तरी नको.”

कौशल्याकाकू गेल्या त्याला सहा वर्षं झाली. खणाची पिशवी त्यांनीच शिवलेली. मुलगी वैभवी गुरुग्रामला, मोठ्या कंपनीत. गेल्या डिसेंबरात काकांनी चहा ठेवला आणि विसरले. पातेलं जळून कोळसा झालं, शेजाऱ्यांनी दार ठोठावलं तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत बारीकसा झटका येऊन गेलाय. वैभवीताई हट्टाला पेटली: आता माझ्याकडेच राहायचं. काकांनी अट घातली. दर रविवारी तू इथे यायचं, एक डाव. ज्या रविवारी मांडलेल्या शब्दाचा अर्थ मला सांगता येणार नाही, त्या दिवशी मी स्वतः म्हणेन, चल.

हिवाळा सरला, मार्च गेला. काका दर रविवारी जिंकत. पण मंगळवारी मला वेगळं दिसायचं. ओळखीच्या शब्दापाशी ते थांबत, खिसा चाचपत. एकदा मी हळूच अर्थ सुचवला. त्यांनी बोर्डच मिटला आणि म्हणाले, “तू कुणाची बाजू घेतेयस, कळत नाही मला.”

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी वैभवीताईने मलाही जेवायला थांबवलं. डाव रंगला होता. काकांनी ‘केक्स’ मांडला.

“अर्थ?” ताई म्हणाली.

“वाळलेला पोकळ देठ.”

“देठ म्हणजे?”

“डंठल गं! दिल्लीने तुझं मराठी खाल्लं.”

“अच्छा, और तुमची इंग्लिश कोणी खाल्ली ते बघूया,” ताई हसली.

दोन पाळ्यांनंतर काकांनी तीन सोंगट्या ठेवल्या. झेड, ए, एक्स. तिप्पट गुणांच्या घरावर. हा त्यांचा लाडका शब्द. छपरावर घालायच्या दगडी पाट्या तोडतात ते हत्यार; हे मला त्यांनीच पहिल्या भेटीत सांगितलं होतं.

“अर्थ, बाबा?”

काका बोर्डाकडे बघत राहिले. खाली भाजीवाला दोडक्याचा भाव ओरडत गेला. ताईला हा शब्द माहीत नव्हता. एखादं चिनी नाणं म्हणाले असते, मासा म्हणाले असते, तरी तिने मान डोलावली असती. मी ताटाकडे बघत बसले. काकांनी एकदा खिशाला हात लावला.

मग त्यांनी तिन्ही सोंगट्या एकेक करून उचलल्या.

“पाळी सोडली,” ते म्हणाले. “वैभू, सामान कधी हलवायचं?”

“बाबा, यार, चलो, एक शब्द आहे. सोडा ना. पुढच्या रविवारी बघू.” हट्ट तिचाच होता आणि आता तीच मागे सरत होती.

“नियम आहे,” काका म्हणाले, आणि सोंगट्या पिशवीत भरायला लागले.

शनिवारी टेम्पो यायचा ठरला. मंगळवारी मी नेहमीसारखी गेले. पुस्तकं खोक्यांत गेली होती, पिशवी मात्र टेबलावर होती. आज काय निघालं, विचारल्यावर त्यांनी खिशातून झेड काढून दाखवला. मला राहवलं नाही. मी म्हटलं, “काका, छपराच्या पाट्या तोडायचं हत्यार.”

“माहीत आहे गं,” ते म्हणाले. “रविवारी नव्हतं माहीत.”

आम्ही डाव मांडलाच नाही, पुस्तकं बांधत राहिलो. गुरुवारी पहाटे ते झोपेतच गेले. टेम्पो यायच्या दोन दिवस आधी, त्यांच्याच घरात. ताईने फोनवर विचारलं, काही बोलले होते का तुझ्याशी? मी आठवत राहिले. मंगळवारी निघताना मी चप्पल घालत होते, ते दारात उभे होते. बाल्कनीकडे बघत म्हणाले, “जायच्या आधी तेवढा टॉवेल आत घे गं, वाळला असेल.”