कान असलेला नवरा हवा

आधी हातातले कप खाली ठेवा, मग सांगते. मागे हा किस्सा ऐकताना एकीला असा ठसका लागला होता की विचारू नका, आणि गाणाऱ्या बाईला दुसऱ्याच्या घशाची काळजी असतेच.

तर, मी नवरा ज्या पद्धतीने निवडला, तितकी शास्त्रशुद्ध पद्धत आमच्या शहरात तोवर कुणी वापरली नसेल. आणि इतकी सपशेल फसलेलीही नसेल!

मी सांख्यिकीची एम.एस्सी. कुणी नुसतं सांगितलं म्हणून उकळत्या दुधालाही गरम म्हणणारी नव्हे. लग्नासाठी माझी अट एकच होती. उंची, रंग, शेती, नोकरी, हे सगळं घरच्यांनी पाहावं. मुलाला कान हवा. पहाटे तंबोरा घेऊन बसल्याशिवाय ज्या बाईचा दिवस उगवत नाही, तिने तंबोरा आणि मिक्सर यांतला फरक न कळणाऱ्या माणसाबरोबर जन्म काढायचा? कसा, ते तुम्हीच सांगा.

आता अडचण अशी, की ‘संगीताची आवड आहे का?’ असं विचारलं की प्रत्येक मुलगा ‘हो, खूप!’ म्हणतो. ‘खूप’ हे काय माप झालं? म्हणून मी परीक्षा ठरवली.

दाखवायच्या कार्यक्रमात पोहे संपले की मुलाकडची मंडळी ‘गाणं म्हणून दाखव’ म्हणतातच. मी तंबोरा घ्यायची आणि गुपचूप पंचमाच्या तारेचा मणी किंचित सरकवून ठेवायची; हे एका आईलाच ठाऊक. सूर केसभर उतरलेला. ज्याला कान आहे, त्याच्या चेहऱ्यावर वेदना उमटणारच. ज्याला नाही, तो ‘वा!’ म्हणणार.

सगळे ‘वा!’ म्हणाले. एकाने तर बशीवर चमच्याने ठेकाही धरला. तोही चुकीचा!

आई रडकुंडीला आली. तिने वैजापूरच्या मामाला गाठलं. मामाची तिथल्या मार्केट यार्डात अडत. माणूस जुन्या वळणाचा, उपरण्याखाली समोरच्याची बोटं दाबून मुकाट्याने सौदा करणाऱ्यांतला. शेजारी उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकालाही पत्ता लागत नसे.

मामा एक स्थळ घेऊन पुंडलिकनगरच्या आमच्या घरी आले. मुलाचं नाव विनायक. वाळूजच्या एका कारखान्यात इंजिनिअर, राहायला बजाजनगर. सोबत त्याची आई.

“लई गुणी पोरगं हाय,” मामांनी मला स्वयंपाकघरात बजावलं. “आता नाय म्हनू नको, बाई.”

“मामा, मी नाही म्हणत नसते. निष्कर्ष नाही असा येतो.”

“तुझ्या निष्कर्षाचं बघतो मी,” मामा म्हणाले. मी लक्ष दिलं नाही. तिथंच चुकलं!

मी तंबोरा उचलला. मामा विनायकला अगदी खेटून बसले होते आणि त्यांचं उपरणं दोघांच्याही मांड्यांवर पसरलं होतं. मला वाटलं, गावाकडची सवय.

मी पहिली तार छेडली. पंचमाची. उतरलेली.

विनायकचा चेहरा कळवळला!

मी विश्वास ठेवला नाही. एकदा घडलं तर तो योगायोग. मी पुढच्या तारा छेडल्या, चेहरा शांत. पुन्हा पंचम, पुन्हा भुवया वर, डोळे मिटलेले, ओठ घट्ट दाबलेले. मी गायला लागले, लय बदलली. मध्येच थांबले. अचानक सुरुवात केली. प्रत्येक वेळी, न चुकता, नेमक्या पंचमालाच त्या माणसाच्या तोंडून बारीकसा ‘स्स्’ निघत होता. मग मी मणी जागेवर आणून तार सुरात लावली आणि पुन्हा छेडली.

चेहरा निवांत! नुसता निवांत नाही, सुटका झाल्यासारखा!

याहून मोठा पुरावा तो काय असणार? मी गाणं संपवलं आणि तिथल्या तिथं, मुलाकडच्यांनी काही बोलायच्या आत, “मला मान्य आहे” म्हणून मोकळी झाले. मुली असं म्हणत नसत तेव्हा. आईच्या हातातला ट्रे वाजला. विनायकही मांडी चोळत म्हणाला, “माझाबी होकार आहे.”

साखरपुडा झाला. आणि मी, काय सांगू, नुसती मिरवत सुटले! माझ्या गाण्याच्या बाईंना सांगितलं, “बाई, केसभर उतरलेला पंचम ओळखतो. तालीम नाही, काही नाही. उपजत!” बाई म्हणाल्या, “अगं, मग ऐकव की मला त्याचा कान.”

विनायकला चहाला बोलावलं. बाई समोर बसल्या. मी पंचम उतरवला. या वेळी केसभर नाही, चांगला बोटभर. बाईंनी कानावर हात ठेवले. गल्लीतलं कुत्रं उठून गेलं असेल, मी पाहिलं नाही.

विनायक शेव खात होता.

“काही ऐकू येतंय का तुम्हाला?” मी विचारलं.

“येतंय की. तंबोरा.”

“तंबोऱ्यात काही बिघाड?”

तो वाकून नीट पाहू लागला. “भोपळ्याला चीर गेलीय का?”

बाई चहा न घेताच उठल्या. “गुण बाकीचे बरे असतील गं,” एवढंच म्हणाल्या.

मी विनायकसमोर उभी राहिले. “मग त्या दिवशी तुमचा चेहरा का वाकडा होत होता?”

“तुमच्या मामांना विचारा ना! उपरण्याखालून काय चिमटे काढत होते, राव. मांडी हिरवीनिळी झाली माझी.”

मामांना फोन लावला. आवाजात पश्चात्तापाचा लवलेश नाही!

“व्हय, म्याच काढले. तुझी आई म्हनली, पहिली तार वाजली का पोराचं तोंड वाकडं व्हाया पायजे. मंग केलं म्या वाकडं.”

“पण मामा, तुम्हाला पहिली तार कळली कशी?”

“आगं, तिला तू मधलं बोट लावतीस, बाकीच्यांना दुसरं. बोटाकडं बघायचं अन् चिमटा काढायचा. मंग तू खाली हात घालून मणी सारला, म्हनलं, झालं काम. सोडला त्याला.”

माझा सगळा प्रयोग एका उपरण्याखाली पार पडला होता!

साखरपुडा मोडायचा, हे मी जवळजवळ ठरवलंच होतं. पण मनात एक शंका राहिली, आणि शंका ठेवून मी काही मोडत नाही. मी विनायकला विचारलं, “इतके चिमटे खाऊनही तुम्ही होकार का दिलात?”

तो जरा लाजला. “मला वाटलं, मामा खुणावतायत, की नको करू ही मुलगी, लई वाईट गाते. घरचाच माणूस सांगतोय म्हटल्यावर खरंच असणार.”

“आणि तरीही?”

“माझी एकच अट होती. बायको गर्विष्ठ नसावी. आपलाच मामा लाजून चिमटे काढतोय, अन् ही बाई काही येत नसताना चारचौघांत बिनधास्त गातेय. म्हटलं, इतकी साधी मुलगी परत मिळायची नाही.”

मी! साधी!

यावर रागवावं की काय करावं, हे मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात शिकवलं नव्हतं. मला हसू आलं, आणि त्या हसण्यातच लग्न होऊन गेलं. त्याला मी पुष्कळदा समजावून सांगितलं आहे की मी वाईट गात नाही, उलट फार चांगली गाते. तो दर वेळी समजूतदारपणे मान हलवतो. “तू म्हणतेस ना, मग असेल.” गाऊन सिद्ध करावं, तर त्याला कळणार कसं?

माझ्या प्रत्येक कार्यक्रमाला तो पहिल्या रांगेत असतो. परवाही होता. मी स्वर लावायच्या आधी सभागृह शांत झालं आणि त्या शांततेत, शेजारच्या अनोळखी बाईंना त्याने काकुळतीने सांगितलेलं मला मंचावर स्पष्ट ऐकू आलं, “जरा सांभाळून घ्या हं. स्वभावाने लई चांगली आहे.”