बिनखिडकीच्या खोलीतला उजेड

दहा बाय बाराची खोली, तिला एकही खिडकी नाही, आणि तिच्यात दिवे कोणते लावायचे एवढाच प्रश्न. पण या एका प्रश्नाने वर्षभरात इतके किस्से दिले, की आता घरी कोणी चहाला आलं की त्यातला एखादा निघतोच. जे आठवतात ते लिहून ठेवतो. राहिलेले भामरे तिखटमीठ लावून सांगेलच.

आम्ही तिघे नाशिकला सातपूरच्या एकाच कारखान्यातून रिटायर झालो. मी टूलरूममधला. भामरे इलेक्ट्रिशियन, मूळचा सटाण्याकडचा. आणि पिंगळे क्वालिटीतले, आमच्याहून दोन वर्षांनी मोठे. खोली माझ्या रो-हाउसच्या मागच्या अंगाला आहे. तीन बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंती, चौथीकडे आमचं स्वयंपाकघर. रिटायर झाल्यावर तिथे लाकूडकामाचा छोटा लेथ टाकला. लाटणी, स्टुलं, भोवरे, असं काहीबाही करत बसायचं.

*

आधी छताच्या मधोमध एकच ट्यूब होती आणि टेबल भिंतीला. उजेड पाठीमागून यायचा, त्यामुळे माझ्याच डोक्याची सावली कामावर पडायची. एकदा पेन्सिलची रेघ समजून मी सावलीच्या कडेने करवत चालवली.

स्टूल तयार झालं. माझी बायको सुनंदा त्यावर बसली आणि डावीकडे कलली. उठली, पुन्हा बसली, पुन्हा डावीकडेच. मग शांतपणे म्हणाली, "छान आहे. शेजारणीशी बोलायला बरं पडेल."

*

ट्यूब टेबलाच्या वर सरकवली, तरी महिनाभरात पट्टीवरचे मिलिमीटर दिसेनासे झाले. संध्याकाळी डोकं ठणकायचं. माझ्या वडिलांची नजर काचबिंदूने गेली होती. शेवटची काही वर्षं ते आमचे आवाज ऐकून आम्हाला ओळखायचे. मी घरात कोणालाच काही बोललो नाही. रस्त्यावरच्या पाट्या मात्र गुपचूप वाचून बघायला लागलो.

शेवटी भामरेला सांगितलं. तो मला मोटरसायकलवर बसवून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरबाईंनी सगळं तपासलं, थेंब घालून तासभर बसवून ठेवलं, पुन्हा तपासलं. मग विचारलं, दिवसभर करता काय आणि बसता कुठे? मी खोलीचं वर्णन केलं.

त्या म्हणाल्या, "डोळे ठीक आहेत तुमचे. खोलीला चष्मा लावा."

जिना उतरताना मी भामरेला वडिलांच्या काचबिंदूचं सांगितलं. भामरेने खाली आल्यावर दोन प्लेट मिसळ सांगितली आणि पाव माझ्याकडे सरकवत म्हणाला, आधी खा, मग घाबर.

*

खोलीला चष्मा लावायचं भामरेने फारच मनावर घेतलं. दुसऱ्याच दिवशी कुठल्याशा मैदानावरचा फ्लडलाइट आणून भिंतीला ठोकला. चालू केल्यावर करवतीचं पातं, स्टीलची पट्टी, सगळं एकदम डोळ्यात घुसलं. पिंगळे आले, दारातच थांबले, खिशातून गॉगल काढून लावला आणि मग आत आले. भामरेने स्टूल ओढलं आणि फ्लडलाइट उतरवायला घेतला.

*

मग मी पिवळे बल्ब लावून पाहिले. त्या उजेडात सुनंदासाठी सागवानी देव्हारा केला. पॉलिशला मधासारखा रंग आला, म्हणून मीच माझ्यावर खूश. सकाळी देव्हारा अंगणात आणला तर चक्क वांग्याचा रंग.

पिंगळ्यांनी तो चहूबाजूंनी निरखला. तीस वर्षं माल पास-नापास केलेला माणूस. म्हणाले, "देवांना चालेल. मी मात्र पास करणार नाही."

अख्खा देव्हारा पुन्हा घासला, आणि पिवळे बल्ब गेले.

*

पुढचा किस्सा सांगताना अजूनही अंगावर काटा येतो. एका दुकानातून मी साध्या पांढऱ्या एलईडी ट्यूब आणल्या होत्या. उजेड चांगला, सावली नाही, रंगही खरा. लेथवर चौकोनी लाकूड लावून तो चालू केला होता. हवा खेळायला जागा नाही म्हणून एक्झॉस्ट फॅन सतत घरघरत असतो, त्यात मोटरचा आवाज बुडून जातो. मधेच टेबलावर पत्र्याचा एक तुकडा कापण्यात माझी दहा मिनिटं गेली. परत लेथकडे वळलो तर लाकूड स्थिर. लेथ आपणच बंद केला असणार असं समजून मी ते काढायला हात पुढे केला.

तेवढ्यात आत आलेल्या भामरेला लेथचा स्विच चालूच दिसला, आणि त्याने मागून कॉलर धरून मला असं ओढलं की मी खाली बसलो.

"फिरी ऱ्हायनं ते!" घाबरला की तो अहिराणीवर येतो.

लेथचा स्विच बंद केल्यावर लाकूड फिरताना दिसायला लागलं आणि हळूहळू थांबलं. त्या ट्यूब डोळ्यांना कळणार नाही इतक्या वेगाने लुकलुकत होत्या आणि लाकडाच्या चार बाजूंची गती नेमकी त्या लुकलुकण्याशी जुळली होती. भामरेने मला मोबाइलच्या कॅमेऱ्यातून ट्यूब दाखवली. पडद्यावर काळे पट्टे सरकत होते. त्याने त्याच दिवशी न लुकलुकणारे दिवे बसवले, लेथवर एक वेगळा दिवा दिला, आणि प्रत्येक दिवा कॅमेऱ्यातून तपासल्याशिवाय मला आत सोडलं नाही. सुनंदाला आम्ही हे आठ दिवसांनी सांगितलं. तिने भामरेला जेवायला बोलावून पुरणपोळी केली. माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

*

आता सगळं जमलं होतं. एका शनिवारी दुपारी तिघं काम करत होतो आणि लाइट गेली. त्या खोलीत लाइट गेली की डोळे उघडे आहेत की मिटलेले तेही कळत नाही. भामरे म्हणाला, कोणी हलू नका, हत्यारं उघडी आहेत. आम्ही जागच्या जागी उभे. फॅन बंद, लेथ बंद.

अंधारातून पिंगळ्यांचा आवाज आला.

"माझा रिपोर्ट आलाय. मानेतली गाठ काढून तपासायला दिली होती. तीन दिवस पाकीट स्कूटरच्या डिकीत आहे. फोडलं नाही. घरी सांगितलं नाही."

आम्हाला गाठीबद्दलही माहीत नव्हतं.

लाइट आली तेव्हा भामरेने स्कूटरच्या चावीसाठी पिंगळ्यांपुढे हात केला. तो पाकीट घेऊन आला. पिंगळ्यांनी ते माझ्याकडे दिलं. मी लेथच्या दिव्याखाली धरून आधी मनातल्या मनात शेवटपर्यंत वाचलं, मग पुन्हा एकदा वाचलं.

"कॅन्सर नाही," मी म्हणालो. "साधी गाठ आहे."

पिंगळ्यांनी कागद घेतला. प्रत्येक ओळीखाली बोट फिरवत स्वतः वाचला. घडी घालून खिशात ठेवला. मग दाराजवळच्या बोर्डापाशी गेले आणि एकेक करत सगळे दिवे बंद केले. अंधार झाल्यावर त्यांचा हुंदका ऐकू आला.